मे महिन्यात मापलेली बोटं

मार्गळी लागला की चेन्नईला थंडी वाजते. थर्मामीटरला वाजत नाही, फक्त चेन्नईला. पारा चोविसावर असताना पेरुंगुडी स्टेशनाच्या फलाटावर माणसं माकडटोप्या घालून उभी असतात आणि एकमेकांना 'काय गारठा' अशा अर्थाचं काहीतरी सांगत असतात. माझी बायको नीला नाशिकची. पहिल्या वर्षी तिला याचं हसू आवरेना. आता तीच सकाळी फिरायला निघताना कानाला मफलर गुंडाळते. बावीस वर्षांत शहर माणसाच्या कातडीत शिरतं, ते असं.

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा हा महिना. पहाटे दारात रांगोळ्या, देवळाच्या भोंग्यावरून स्तोत्रं आणि दुपारपासून मैलापुरातल्या सभांमध्ये गाणं. सभा म्हणजे भाषणांची नव्हे, गाण्याची. पण हा फरक इथल्या आयोजकांनाही नेहमी लक्षात राहतोच असं नाही. एका मैफलीला तीन सत्कार, असं साधारण प्रमाण. जरीकाठी शाल, चंदनाचा हार, मग पाहुण्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्याचा परिचय. कलाकार तोवर मांडी घालून तंबोऱ्याशेजारी बसलेला असतो, लग्नात जेवणाची वाट पाहणाऱ्या नवऱ्यासारखा.

यंदाही त्या सभेचं आमंत्रण आलं. जाड कागदाचं पाकीट, त्यावर सोनेरी अक्षरं, आणि माझ्या नावाआधी 'सन्मानित हितचिंतक'. चार वर्षं दर डिसेंबरला हे पाकीट येतं. दर डिसेंबरला मी ते न फोडता टेबलाच्या खालच्या खणात टाकतो. त्या खणात माझ्या कचेरीतली एक जुनी डायरी आहे. तिच्या एका पानावर दोन बोटांची मापं लिहिलेली आहेत.

बोटं अंबाक्कांची.

अंबाक्का नीलाला सापडल्या. आमच्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवात एक सत्तरीच्या बाई कोपऱ्यात बसून होत्या. मराठी बोलत होत्या, पण कुणाला धड कळत नव्हती. तंजावूरची मराठी ती. तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेल्या घराण्यांनी जपलेली; 'मला'च्या जागी 'मज', मध्येच तमिळ शब्द आणि वाक्याचा शेवट तमिळसारखा वर उचललेला. गिंडीतल्या आणि ओएमआरवरच्या आयटी कंपन्यांतल्या आमच्या तरुण बायकांनी त्यांना कौतुकाने बोलतं केलं आणि मग आपसात इंग्रजीत गप्पा सुरू केल्या. नीला मात्र त्यांच्याजवळ बसून राहिली. घरी येऊन म्हणाली, "त्या गोटुवाद्य वाजवतात. वीणेसारखं असतं, पण पडदे नसतात. डाव्या हातात लाकडाचा दांडका घेऊन तारेवरून सरकवायचा. तुम्ही जा. तसेही रविवारी पेपर वाचून चिडण्यापलीकडे काही करत नाही."

मुलगी बंगळूरला गेल्यापासून तिची गिटार कपाटावर पडून होती. मी ती खाली काढली, गिंडीत आमच्या ओळखीच्या सेल्वमच्या वर्कशॉपमधून दांडक्याच्या जागी एक पोलादी पट्टी कापून आणली आणि तारा मानेपासून वर उचलल्या. आडवी मांडीवर घेतली की झालं एक गरिबाचं गोटुवाद्य. ते घेऊन मी एमआरटीएसच्या लोकलने मैलापूरला गेलो. देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांत अक्का एकट्या राहत. लग्न केलं नव्हतं. वडील वाजवायचे, त्यांच्याकडूनच शिकल्या.

गिटारकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हे काय, इंजिनीर? फोडणीची कढई आडवी पाडलीस काय?"

मी इंजिनीर नव्हे. केंद्र सरकारच्या तपासणी खात्यात मी वस्तूंची मापं घेतो. पण अक्कांना ते सांगून उपयोग नव्हता. शेवटपर्यंत मी इंजिनीरच राहिलो.

पहिल्या दिवशी वाजवणं नव्हतंच. त्यांनी कुंकवाची एक पितळी डबी उघडली. आत कुंकू नव्हतं. तारेची चार कडी होती, वाकवून वाकवून गुळगुळीत झालेली. या नख्या. उजव्या हाताच्या तर्जनीत एक, मधल्या बोटात एक. दोन त्यांच्या वडिलांनी वाकवून दिलेल्या, त्या त्यांच्या. दोन जास्तीच्या, त्या मला दिल्या.

"आठ दिवस घालून राहा. वाद्याला हात लावू नकोस. जेव, पेपर चाळ, बटणं लाव. बोट विसरलं की ये."

ते आठ दिवस मी विसरणार नाही आणि माझी कचेरीही विसरणार नाही. नखी घालून शर्टाचं बटण लावायला लागतो तेवढ्या वेळात पेरुंगुडीहून दोन गाड्या सुटतात. इडली तुटते, पण नखीसकट तोंडात जाते. मापनकक्षात मी एका फाईलवर सही करत होतो. समोरचा तरुण निरीक्षक माझ्या बोटांकडे बघत म्हणाला, "सर, संधिवात? माझ्या आजीलाही तांब्याचं कडं दिलंय." मी हो म्हणालो. संधिवाताला या खात्यात मान आहे, संगीताला नाही.

नवव्या दिवशी गेलो. तारेवर पहिला आघात केला आणि सुराच्या आधी 'टक्' असा आवाज आला. पत्र्याच्या डब्यावर नाणं टाकल्यासारखा. दुसऱ्यांदा टक्. तिसऱ्यांदा नखी तारेत अडकून बोटच ओढलं गेलं.

"दार वाजवतोस तू," अक्का म्हणाल्या. "आत जायचं तर दार वाजवत राहतोस काय?"

नखीचा कोन थोडा तिरका हवा. मनगट उचलायचं नाही. तार ढकलायची नाही, तिच्यावरून सुटायचं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे नखीतून तार जाणवत नाही हे मान्य करायचं. उघडं बोट तारेला भेटतं तेव्हा त्याला कळतं किती जोर लागला. नखी घातली की मध्ये धातू येतो आणि बोट आंधळं होतं. मग कळतं ते फक्त कानाला, तेही उशिरा. मी पन्नाशी पार केलेला माणूस. इतक्या वर्षांत कुठल्याही गोष्टीला न शिवता तिच्यावर मत देणं मला चांगलं जमत असे. न शिवता सूर काढणं जमेना.

नख्या हव्यातच कशाला, असं मी एकदा विचारलं. अक्कांनी माझी तर्जनी उघडी केली, तिने तार छेडायला लावली आणि दांडका खालून वर सरकवला. अर्ध्या वाटेवर सूर मेला. मग नखी चढवून तोच आघात. दांडका सरकत सरकत पार वरच्या षड्जापर्यंत गेला तरी सूर जिवंत होता.

"पडदा असलेल्या वाद्याला दर पायरीला पाय टेकता येतो," त्या म्हणाल्या. "इथं पायरी नाही. एकदाच ढकलायचं आणि तेवढ्यावर पलीकडे पोचायचं. नख मऊ पडलं तर मधेच बुडालास."

पायरी नाही, हीच माझी अडचण होती. मी मापाचा माणूस. दुसऱ्याच महिन्यात गिटारच्या मानेवर पेन्सिलीने बारीक रेघा ओढून आणल्या. कुठे गंधार, कुठे पंचम. अक्कांनी पदराचं टोक ओलं केलं आणि सगळ्या रेघा पुसून टाकल्या. नंतर माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. एखाद्याने पंगतीत काट्याचमच्याने पुरणपोळी खायला घ्यावी तसं ते पाहणं होतं.

बसण्याआधीचं त्यांचं एक काम मी दर वेळी पाहत असे. डबीतून वडिलांची नखी काढायच्या, बोटावर चढवायच्या, अंगठ्याने दाबायच्या, एकदा हलवून बघायच्या, पुन्हा काढून दातांत धरून किंचित आवळायच्या. कधी सैल करायच्या. यात पाच मिनिटं जात. मला माझ्याही नख्यांचं तसंच करायला लावत.

"रोज काय, अक्का?"

"बोट काल होतं ते आज नसतं. जेवून आलास तर निराळं, पाऊस पडला तर निराळं. विचारायचं त्याला."

मला हे गोड वाटे, आणि चुकीचंही. जी वस्तू रोज वापरण्याआधी दुरुस्त करावी लागते तिची रचनाच सदोष, असं आमच्या खात्याचं शिक्षण. आणि त्या नख्यांच्या जुन्या तारा झिजल्या होत्या. एका नखीला तर चीर होती. अक्कांना अकरा वर्षांनी एका सभेने बोलावलं होतं. येत्या मार्गळीत, दुपारची वेळ. दुपारची वेळ म्हणजे फुकट प्रवेश, अर्धी रिकामी सभा आणि उपाहारगृहातून येणारे झोपाळू लोक. पण सभेच्या सेक्रेटरींनी त्यांना सांगितलं होतं की दुपार रंगली तर पुढल्या वर्षी संध्याकाळ देऊ. एवढं एक सोडलं तर अक्कांनी आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नाही. वडिलांनी संध्याकाळी वाजवलं होतं. त्यांना एकदा संध्याकाळी वाजवायचं होतं. बस्स.

म्हणून मी ठरवलं की अक्कांना नवीन नख्या करून द्यायच्या. शास्त्रशुद्ध.

मे महिना होता. तमिळ पंचांगातले ते पंचवीसेक दिवस, जेव्हा सूर्याला अग्नी म्हणतात आणि ते अलंकारिक नसतं. वीज गेली होती. अक्का खिडकीपाशी ताडपंख्याने वारा घेत बसल्या होत्या. मी पिशवीतून बारीक मापाचा व्हर्नियर कॅलिपर काढला. त्यांनी हात पुढे केला, बांगड्या भरायला करतात तसा.

"मोज बाबा. जन्मात कोणी मोजलं नाही मज."

तर्जनी, तीन ठिकाणी. मधलं बोट, तीन ठिकाणी. दशांश दोन स्थळांपर्यंत. डायरीत आमच्या खात्याचा छापील तक्ता असतो: वस्तू, माप, उपकरण, तापमान, सही. मी सगळे रकाने भरले. तापमानाचा सोडून.

इथे थोडं माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं. जगात लांबीचं कुठलंही माप वीस अंशांवर खरं मानतात. आमचा मापनकक्ष बारा महिने वीस अंशांवर असतो. बाहेर डांबर वितळत असताना आम्ही आत स्वेटर घालून बसतो. पोलाद तापलं की वाढतं, निवलं की आक्रसतं. हे मी नव्या निरीक्षकांना वीस वर्षं शिकवतो आहे. तापमान लिहिलं नाही म्हणून मी गिंडीतल्या लहान कारखानदारांचा माल परत पाठवला आहे. माणसं माझ्या टेबलापुढे हात जोडून उभी राहिली आहेत आणि मी त्यांना रिकाम्या रकान्यावर पेन्सिल टेकवून दाखवली आहे. सेल्वम त्यांतलाच एक.

मे महिन्यात चेन्नईत माणसाची बोटं सुजतात. अंगठ्या निघत नाहीत. हे सांगायला मापनकक्षही लागत नाही, कुठल्याही सोनाराला ठाऊक असतं. मला सुचलं नाही. पोलादाला तापमान असतं हे मला पाठ होतं. अक्कांना असेल असं वाटलं नाही.

सेल्वमने स्प्रिंगच्या पोलादाच्या नख्या केल्या. पहिले तीन जोड मी नापास केले. चौथा पास. सेल्वम म्हणाला, "सार, विमानाला लावणार काय?" अक्कांनी घातल्या आणि खरंच आवाज उजळला. जुन्या तारेचा सूर थोडा घोगरा होता, हा घासलेल्या भांड्यासारखा लख्ख. "भेष," त्या म्हणाल्या. मी सांगितलं, या कधी आवळाव्या लागणार नाहीत, दाबाव्या लागणार नाहीत. हे पोलाद वाकतच नाही. त्याचा मला अभिमान होता.

नोव्हेंबरचे पाऊस झाले आणि हवा उतरली. एका सकाळी त्या म्हणाल्या, "जरा हलतात रे."

"भास आहे, अक्का. सवय होईल."

"सरि," त्या म्हणाल्या. सरि म्हणजे ठीक आहे. तमिळमध्ये हा शब्द माणूस पटल्यावर वापरतो आणि वाद घालायचा कंटाळा आल्यावरही.

मैफलीच्या दिवशी मी पहिल्या रांगेत होतो. नीला शेजारी, नव्या साडीत. दरवर्षी दुपारच्या वेळेला त्या सभागृहात फक्त पंखे असत. पण त्या वर्षी एका उद्योगपतींनी वातानुकूलन देणगीदाखल दिलं होतं आणि त्याचं उद्घाटन, कार्यक्रम आटोपशीर व्हावा म्हणून, अक्कांच्याच मैफलीच्या आधी ठेवलं होतं. अक्का वाद्य मांडून मंचावर बसल्या. मृदंगवाले बसले. मग उद्योगपती चढले, त्यांचे जावई चढले. समईच्या पाच वाती लावायला पाच माणसं लागली. यंत्राचं कौतुक सगळ्यांना कळावं म्हणून ते पूर्ण जोरात लावलं होतं. भिंतीवरचा हिरवा आकडा मला माझ्या जागेवरून दिसत होता. अठरा.

मी हे सगळं नीलाच्या कानात हसण्यावारी नेत होतो. एवढ्यात सेक्रेटरींनी माईकवर माझं नाव घेतलं.

प्राचीन वाद्याला आधुनिक विज्ञानाची जोड, असं काहीसं ते म्हणाले. नख्यांची गोष्ट त्यांना कुणी सांगितली? मीच. आठवड्यापूर्वी, उपाहारगृहात, विचारलं नसताना. मंचावर गेलो. जरीची पिवळी शाल माझ्या खांद्यांवर पडली. टाळ्या वाजल्या. आयुष्यभर मी शाली पांघरणाऱ्यांची टिंगल केली आहे, तेव्हा खरं सांगतो, शाल फार उबदार असते. उतरताना मी ती काढली नाही. अक्कांच्या समोरून गेलो, त्यांना नमस्कार केला. त्यांनी हात उचलून आशीर्वाद दिला. दोन्ही नख्या बोटांत चमकल्या.

भाषणं आणखी अर्धा तास चालली. अक्का त्या गार झोतात, मांडीवर हात ठेवून बसून होत्या. भाषणं संपता संपता त्यांनी पदराआडून कुंकवाची पितळी डबी काढली, उघडली, आत पाहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि डबी मिटली. वडिलांची आठवण काढत असतील, असं मी नीलाला म्हणालो. म्हणताना खांद्यावरचा शालीचा काठ सारखा केला. शालीने माणूस हळवा होतो.

पहिली चीज संथ होती, निभावली. दुसरीत लय चढली आणि तर्जनीतली नखी उडाली. दिव्याच्या उजेडात तिची एक छोटी कमान झाली आणि ती उद्योगपतींच्या पायाशी पडली. त्यांच्या जावयाने उचलून, उलटसुलट करून, खिशात टाकली. बहुधा यंत्राचा एखादा भाग वाटला असावा.

अक्का थांबल्या नाहीत. एका नखीवर आणि एका उघड्या बोटावर वाजवत राहिल्या. एक सूर लख्ख, एक मुका. मग दुसरीही फिरू लागली, तेव्हा त्यांनी ती काढून बाजूला ठेवली आणि नुसत्या बोटांनी वाजवलं. दांडका वर जात होता आणि सूर अर्ध्या वाटेवर मरत होता. ध्वनिव्यवस्थेवाल्याने आवाज वाढवला तर कर्णा किंचाळला. मृदंगवाल्यांनी हात इतका हलका केला की ते मृदंग नुसता पुसत आहेत असं वाटावं. ती सगळ्यांत मोठी दया होती आणि सगळ्यांना ऐकू आली. मागच्या रांगांतली माणसं, इथल्या रिवाजाप्रमाणे, कॉफीसाठी उठू लागली. अक्कांनी वीस मिनिटं आधीच समारोपाचं मंगलम वाजवलं. घाई केली नाही. ते सगळं वाजवलं.

उपाहारगृहात सेक्रेटरी माझ्याच टेबलावर बसले. केळीच्या पानावर डाळीचं धिरडं, म्हणजे अडै, आणि भाज्यांचं अवियल. शाल मी घडी करून मांडीवर घेतली होती, डाग पडू नये म्हणून.

"पावम," ते म्हणाले. बिचारी. "वयसाच्चु. वय झालं. हात गेला. तुम्ही एवढ्या चांगल्या नख्या करून दिल्यात, पण हातच नाही तर..."

मला तेव्हा कारण माहीत होतं. भिंतीवरचा अठराचा आकडा आणि डायरीतला रिकामा रकाना पहिली नखी उडाली त्याच क्षणी माझ्या डोक्यात शेजारी येऊन बसले होते. आयुष्यभर हेच तर केलं. बोलायला एक वाक्य लागलं असतं. नीलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हो, वय कुणाला चुकलंय."

आणि अवियल वाढून घेतलं.

घरी आल्यावर सेक्रेटरींना पत्र लिहायला घेतलं. सवयीने ते आमच्या नापास-अहवालासारखं होऊ लागलं. वस्तू: नखी. संख्या: दोन. दोष: सैल. कारण: मापनाच्या वेळी तापमान नोंदलेले नाही. जबाबदार: इथे पेन थांबलं. नाव लिहायचं तर शाल परत करावी लागणार. नीला दारातून म्हणाली, "पाठवणार आहात, की नुसतंच लिहिताय?" मी म्हणालो, उद्या बघू. अक्कांना पुढल्या वर्षीची संध्याकाळ मिळाली नाही. दुपारही नाही. त्यांनी स्वतः कुणाला काही सांगितलं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच मला म्हणाल्या, "तुज्या नख्या छान होत्या रे. बोटंच वाळली माझी." वाद्यावर जुनं नऊवारी लुगडं घातलेलं होतं. समुद्राच्या हवेने तारा गंजतात, असं म्हणाल्या. नऊवारीने गंज थांबत नाही हे दोघांनाही माहीत होतं.

त्यानंतर माझं जाणं विरळ झालं. कामं होती. कामं नेहमीच असतात. पण नख्या सोडल्या नाहीत. जुन्या तारेच्या त्या दोन, मला दिलेल्या. रोज सकाळी कचेरीला निघण्याआधी अर्धा तास. आवळायच्या, हलवून बघायच्या, पुन्हा आवळायच्या. आता टक् होत नाही. बोट विसरलं आहे. ज्याने विसरायला नको होतं तोही पुष्कळदा विसरतो.

गेल्या रविवारी, सोनेरी पाकीट आल्यावर, गिटार घेऊन मैलापूरला गेलो. अक्का आता पंचाहत्तरीच्या. भाची शेजारी राहायला आली आहे. त्यांनी कॉफीचा पेला डबऱ्याच्या वाटीत ओतत मला न्याहाळलं.

"केस गेले की रे, इंजिनीर. मापून घेतलेस काय?"

मग म्हणाल्या, वाजव. मी वाजवलं. एकच आघात आणि लांब घसरण, खालच्या पंचमापासून वर. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "पोदुम," म्हणजे पुरे. माझा हात ओढून घेतला, तर्जनीतली नखी काढली, अंगठ्याने केसभर उघडली, पुन्हा चढवली. त्यांची बोटं थंड आणि स्थिर होती. हात गेलेला नव्हता. हात तिथेच होता. "घट्ट होती. सकाळी आवळलीस, त्यावर गाडीतून घाम गाळत आलास. आता बघ."

सूर आता पार वरपर्यंत गेला आणि तिथे राहिला. तो पार विरल्यावर मी पट्टी खाली ठेवली.

"अक्का, त्या नख्यांचं माप मी मे महिन्यात घेतलं होतं," मी म्हणालो. "बोटं सुजलेली होती तुमची. सभागृहात अठरा अंश होते. चूक माझी होती. त्या दिवशी जेवतानाच मला कळलं होतं. त्याच्याही आधी."

"मजही कळलं होतं," त्या म्हणाल्या. "भाषण चालू होतं तेव्हाच. बोटात नाचत होत्या."

खाली गल्लीत फुलवाली ओरडत गेली. मी डबीकडे पाहिलं. ती खिडकीत, नेहमीच्या जागी होती.

"जुन्या जवळ होत्या ना तुमच्या? डबीत?"

"होत्या की."

"मग बदलल्या का नाहीत?"

पेन्सिलीच्या रेघा पुसल्या त्या दिवशी पाहिलं होतं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कशा बदलू?" अक्का म्हणाल्या. "तुज्या आंगावर शाल होती."